हरलेल्या खटल्यांचा कायदा

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत महत्त्वाच्या खटल्यांचा एक तक्ता हमखास असतो. त्यात तीन रकाने असतात: खटल्याचे नाव, वर्ष आणि त्यातून निघालेले तत्त्व. केशवानंद भारती, 1973, मूलभूत संरचना. मनेका गांधी, 1978, व्यक्तिस्वातंत्र्य. ओल्गा टेलिस, 1985, उपजीविकेचा हक्क. तक्ता पाठ करायला सोयीचा असतो आणि चुकीचाही नसतो. मात्र ज्याने खटला भरला त्याचे पुढे काय झाले, हा चौथा रकाना त्यात नसतो. तो भरायला घेतला की चित्र बदलते. केशवानंद भारती हे केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख. मठाच्या जमिनी जमीनसुधारणा कायद्याखाली जाऊ नयेत म्हणून ते कोर्टात गेले होते. त्या जमिनी काही वाचल्या नाहीत. मनेका गांधींचा सरकारने जप्त केलेला पासपोर्ट परत करण्याचा आदेश झाला नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ अशी हमी महान्यायवादींनी दिली आणि कोर्टाने जप्तीच्या हुकमाला हात लावला नाही. ओल्गा टेलिस खटल्यात तर मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायला कोर्टाने परवानगीच दिली. तत्त्वे तीन मिळाली, पण ज्यांच्या नावावर ती नोंदली गेली त्यांच्या पदरात जे मागितले ते पडले नाही.

हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. भारताचा कायदा घडवणारे खटले एकापुढे एक मांडले की दिसते ते असे, की त्यांतले बरेचसे अर्जदार हरलेले आहेत, आणि जिंकलेल्यांपैकी काहींचा विजय महिनाभरही टिकलेला नाही. खटल्याचे मोठेपण निकालाच्या दिवशी ठरत नाही. निकालपत्रात लिहून ठेवलेली कारणे पुढे कोण उचलतो, यावर ते ठरते. उचलणारे कधी नंतरचे घटनापीठ असते, कधी संसद, कधी रस्त्यावर आलेल्या बायका, तर कधी मतदार. उचलणारा भेटला नाही तर उत्तमातले उत्तम निकालपत्र कपाटात पडून राहते.

याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण स्वातंत्र्यापूर्वीचे आणि मुंबईचेच आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पुढे नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये दांपत्यहक्कांसाठी दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, पण 1886 मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. कोर्टातला पराभव पूर्ण होता. पण या खटल्याने पेटलेल्या वादातूनच 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळाले आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. ‘केसरी’ने त्या कायद्याला किती कडवा विरोध केला हे मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र ज्या दांपत्यहक्काच्या दाव्याने रखमाबाई हरल्या, तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही शाबूत आहे. तुरुंगाची धमकी तेवढी गेली, मालमत्तेची जप्ती राहिली. म्हणजे पराभवातून सगळेच दुरुस्त होते असेही नाही. कुणी जेवढे उचलले तेवढेच दुरुस्त झाले.

प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षातला गोपालन खटला याच नजरेने पाहायला हवा. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. संसदेने घाईघाईने केलेल्या 1950 च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात एक चौदावे कलम होते. आपल्याला कोणत्या कारणांसाठी डांबले आहे हे कैद्याने कोर्टालादेखील सांगायचे नाही, सांगितले तर तो गुन्हा, अशी त्याची तऱ्हा. अर्ज ऐकणाऱ्या कोर्टाने कैद्याला विचारायचे नाही आणि कैद्याने बोलायचे नाही. मग ऐकायचे तरी काय? तेवढे कलम सहाही न्यायमूर्तींनी रद्द केले. बाकी कायदा बहुमताने टिकला. संसदेने रीतसर कायदा केला असला की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या कलम 21 ची अट पुरी झाली, तो कायदा न्याय्य आहे का हे कोर्ट पाहणार नाही, असे बहुमत म्हणाले. मूलभूत हक्कांचे प्रत्येक कलम म्हणजे जणू स्वतंत्र खोली, एका खोलीतून दुसरीत जायला दार नाही. कलम 21 मधल्या शब्दांनी संसदेला फार मोकळीक मिळते हा धोका डॉ. आंबेडकरांना घटना समितीतच दिसला होता. अटकेपुरती तरी त्याची भरपाई व्हावी म्हणून त्यांनी आजचे कलम 22 मांडले होते. गोपालन खटल्यात न्या. फझल अली यांनी वेगळे मत लिहिले: हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि कायद्याच्या प्रक्रियेत म्हणणे ऐकून घेणे वगैरे न्यायाची किमान तत्त्वे गृहीतच आहेत. त्या दिवशी या मताला काडीची किंमत नव्हती. गोपालन तुरुंगातच राहिले.

हे मत उचलले गेले वीस वर्षांनी, आणि तेही ज्याचे गोपालन यांच्याशी काडीचेही जमले नसते अशा माणसाच्या हातून. जुलै 1969 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने 14 बँका ताब्यात घेतल्या. सेंट्रल बँकेचे भागधारक आणि संचालक रुस्तम कावसजी कूपर कोर्टात गेले. नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि फेब्रुवारी 1970 मध्ये अकरांपैकी दहा न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. दणदणीत विजय म्हणावा तर चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला, नुकसानभरपाई वाढली आणि बँका सरकारकडेच राहिल्या. खटला बँकांपुरता निष्फळ ठरला. पण निकालपत्रात एक गोष्ट लिहून झाली होती: कायद्याचा हेतू काय हे पाहून भागणार नाही, नागरिकाच्या हक्कावर त्याचा परिणाम काय होतो ते पाहायचे. गोपालन निकालातल्या खोल्यांच्या भिंती या एका वाक्याने पडल्या. पुढे मनेका गांधी खटल्यात त्याच मोकळ्या जागेवर नवे बांधकाम झाले, आणि प्रक्रिया न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे हे कलम 21 मध्ये आले. कम्युनिस्ट कैदी, बँकेचा भागधारक आणि इंदिरा गांधींची सून, अशी ही साखळी. तिघांनाही जे प्रत्यक्ष हवे होते ते कोर्टाच्या हुकमाने मिळाले नाही.

मूलभूत संरचनेची, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही या तत्त्वाची, गोष्ट तर याहून वळणावळणाची आहे. केशवानंद खटल्याची आकडेवारी सगळ्यांना पाठ असते: 13 न्यायमूर्ती, 68 दिवस युक्तिवाद, 7 विरुद्ध 6. पण कल्पना काही 1973 मध्ये आकाशातून पडली नाही. 1964 च्या सज्जन सिंह खटल्यात न्या. ज. र. मुधोळकर सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्यांतच होते. तरी त्यांनी स्वतंत्रपणे एक शंका नोंदवून ठेवली, की घटनेचे एखादे मूलभूत वैशिष्ट्यच बदलले तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचे पुनर्लेखन? शंका नोंदवताना त्यांनी आदल्याच वर्षीच्या पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेतला होता. (आज असा आधार घेतला तर दूरचित्रवाणीवर काय होईल याची कल्पना करावी.) 1965 मध्ये डिट्रिख कॉनराड या जर्मन अभ्यासकाने बनारसला घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिले. त्यातला मुद्दा गोलकनाथ खटल्यात मांडला एम. के. नंबियार यांनी, म्हणजे 1950 मध्ये गोपालन यांच्यासाठी लढून हरलेल्या वकिलांनीच. निकाल देणाऱ्याची शंका, परदेशी प्राध्यापकाचे भाषण आणि हरलेल्या वकिलाची चिकाटी यांतून तयार झालेली ही वीट केशवानंद निकालात बसली. तेव्हाही ती पक्की बसली आहे असे कुणाला वाटत नव्हते. अकरा निकालपत्रांतून नेमके बहुमत कशावर आहे याचा वाद होता, आणि लगेचच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. केरळ सरकारच्या बाजूने या तत्त्वाला विरोध करणारे मुंबईचेच एच. एम. सिरवई यांनी पुढे, आणीबाणी पाहून झाल्यावर, आपले मत बदलले आणि आपल्या ग्रंथात तसे लिहिले. तत्त्वाला बळ मिळाले ते आणीबाणीतल्या 39 व्या आणि 42 व्या घटनादुरुस्त्यांतून सत्तेने स्वतःच त्याची गरज दाखवून दिली तेव्हा.

मग असे का होते? माझ्या मते याचे एक कारण कोर्टाच्या घडणीतच आहे. कोर्टाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, बुलडोझर नाहीत, बजेट नाही. सरकारशी थेट सामना करून हुकूम काढला आणि तो पाळला गेला नाही, तर जाते ती कोर्टाची अब्रू. म्हणून सावध न्यायाधीश अनेकदा एक वाट काढतात: आजचा निकाल सरकारला, उद्याचे तत्त्व नागरिकाला. जिंकलेले सरकार निकालाविरुद्ध भांडत नाही आणि तत्त्व चोरपावलांनी कायद्यात शिरते. अमेरिकेत 1803 च्या मार्बरी खटल्यात नेमके हेच झाले होते. मार्बरींना नेमणूकपत्र मिळाले नाही, पण संसदेचा कायदा तपासण्याचा अधिकार कोर्टाने स्वतःकडे घेऊन ठेवला. मनेका गांधी खटल्यातली चाल याच जातीची आहे.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. हरूनही गाजलेले खटले तेवढे वेचायचे आणि पराभवाची आरती ओवाळायची, याला काय अर्थ? रोज हजारो दावे हरतात आणि त्यांतून काहीही निपजत नाही. आक्षेप खरा आहे. पराभव फळतोच असा माझा दावाही नाही. 28 एप्रिल 1976 च्या जबलपूर खटल्याकडे पाहा. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही असे चार न्यायमूर्ती म्हणाले, न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात गेले. सुनावणीत खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले होते, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक आकसापोटी कुणाला ठार मारले तर? आणीबाणी असेपर्यंत कोर्टाकडे इलाज नाही, असे उत्तर आले. खन्नांचे भिन्नमत आज शाळेच्या पुस्तकात घालावे असे आहे. पण त्या मताने एकही कैदी सुटला नाही. त्यांचे स्वतःचे सरन्यायाधीशपद मात्र गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. कैदी सुटले ते निवडणूक लागली, आणि मतदारांनी सरकार पाडले म्हणून. कलम 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही ही दुरुस्ती 1978 मध्ये संसदेने केली. कोर्टाने आपली चूक औपचारिकपणे कबूल केली ती 2017 मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी निकालात. बहुमतातल्या चौघांपैकी एक होते पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड, ते मत चुकीचे होते असे लिहिणारे होते त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड. मध्ये 41 वर्षे गेली. हे सगळे खन्नांच्या श्रेयाला कमी करत नाही, पण ते श्रेय वाटून द्यावे लागते.

उलट बाजूचा पुरावाही तेवढाच बोलका आहे, कारण जिंकणे म्हणजे मिळवणे असते तर शाहबानो खटला 1985 मध्येच संपला असता. इंदूरच्या वृद्ध घटस्फोटितेला महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी द्यावी, एवढाच तर हुकूम होता. तो देताना घटनापीठाने धर्म आणि समान नागरी कायदा यांवर बरेच भाष्य केले, जे पोटगी देण्यासाठी अजिबात आवश्यक नव्हते. मोर्चे निघाले आणि 1986 मध्ये संसदेने निकाल गुंडाळणारा कायदा केला. मग 2001 मध्ये दानियल लतिफी खटल्यात कोर्टाने तोच कायदा शब्दशः घेऊन असा वाचला, की घटस्फोटानंतरच्या इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यावी लागते. गाजावाजा न करता गेलेले परत आले. 1985 चा विजय घोषणांचा होता आणि 2001 चा व्याकरणाचा. टिकला तो दुसरा.

संसद नेहमी निकाल खाली ओढायलाच हात घालते असेही नाही. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला याचे मराठी मुलखातले उदाहरण. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती. रात्री पोलीस ठाण्यात एकट्या मुलीने वर्दीतल्या माणसाशी झटापट करायला हवी होती, असा याचा अर्थ. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. कोर्टाने निकाल बदलला नाही. पण 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला, आणि अशा प्रकरणात संमती नव्हती असे बाईने सांगितले तर तेच गृहीत धरायचे ठरले. पीडितेची ओळख छापणे हाही त्याच दुरुस्तीने गुन्हा झाला. ज्या मुलीमुळे हे झाले तिचे नाव मात्र देशभर त्या खटल्याला चिकटून राहिले. म्हणून इथे ते घेतलेले नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. तत्त्वाचे पुढे भले होईल, पण आज बेघर झालेल्याला त्याचे काय? ओल्गा टेलिस निकालपत्राच्या सुरुवातीलाच अर्जदारांची हकीकत आहे. त्यांतला एक चांभारकाम करणारा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. रोजची कमाई सात-आठ रुपये. गावचे घर कोसळले म्हणून 1969 मध्ये तो मुंबईला आला आणि महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या एका गुंडाला 300 रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला 700 घातले. दुसरा सेलमचा भूमिहीन मजूर. मुख्यमंत्री अंतुले यांनी 13 जुलै 1981 ला फुटपाथवासीयांना हटवण्याची घोषणा केली, आणि दहा दिवसांत, भर पावसाळ्यात, त्याची झोपडी पाडून बायकामुलांसकट त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. मुली आणि बायको तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला, कारण काम मुंबईत होते. कोर्टाला याच गोष्टीने पटले की झोपडी हटवली की रोजगार तुटतो, आणि रोजगार तुटला की जगणे. म्हणून उपजीविका कलम 21 मध्ये येते. एवढे मान्य करून जुलै 1985 मध्ये हुकूम काय झाला? महापालिका कायद्याचे कलम 314 वैध, फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणाला नाही, झोपड्या 31 ऑक्टोबरपर्यंत पाडू नयेत. 1976 च्या गणनेतली ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्याव्यात, पण ती पाडकामाची पूर्वअट नव्हे. थोडक्यात, जगण्याचा हक्क मिळाला आणि त्याला पावसाळ्यापुरती मुदत. या आक्षेपाला पुरे पडेल असे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणता येते, की नोटीस देऊन म्हणणे ऐकणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, हे त्या निकालाने लिहून ठेवले. नोव्हेंबर 2024 मध्ये आरोपींची घरे बुलडोझरने पाडण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले, तेव्हा प्रश्न तोच होता. संगमनेरच्या त्या माणसाला याचा उपयोग झाला नाही.

तिसरा आक्षेप वकिलांचा. कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व कोर्टांवर बंधनकारक आहे. निकाल लागला त्या क्षणी कायदा झाला. ‘कुणीतरी उचलायला हवा’ हे साहित्यिक बोलणे झाले. कोर्टांपुरते हे बरोबर आहे. पण बहुतेक माणसांची कायद्याशी गाठ पडते ती कोर्टात नव्हे, पोलीस ठाण्यात. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिले म्हणून पालघर भागातल्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ त्यामुळे देशाला माहीत झाले. 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल खटल्यात ते पूर्णपणे रद्द झाले. इथे अर्जदार जिंकल्या, निकाल निःसंदिग्ध, संसदेनेही तो फिरवला नाही. तरीही सहा वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, या मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे नोंदवले जात आहेत हे कोर्टापुढे आले तेव्हा न्यायमूर्तींना धक्का बसला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांना पुन्हा आदेश काढावा लागला. 2021 च्या सुनावणीत तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी याचे साधे कारण सांगितले होते. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम 66 अ जसेच्या तसे पानावर आहे; ते रद्द झाल्याची नोंद आहे, पण ती खाली तळटीपेत. फौजदार गुन्हा लिहून घेताना कलम वाचतो. तळटिपेचे अक्षर बारीक असते.